मुरुम, मलम आणि माझी कबुली

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. आमच्या तुकडीतील कोणी प्राध्यापक झाले, कोणी शासकीय सेवेत अधिकारी झाले, एक-दोघे परदेशी गेले. मी मात्र वीस वर्षांहून अधिक काळ कल्याण पूर्वेला औषधांचे एक लहानसे दुकान चालवीत आहे. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने स्मरणिकेत काय लिहावे? विचार करताना ध्यानात आले की, या वर्षांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न तापाचा नव्हता, मधुमेहाचाही नव्हता. पंधरा-सोळा वर्षांचे एखादे मूल दुकानातील गर्दी ओसरण्याची वाट पाहत बाजूला उभे राहते आणि मग हलक्या आवाजात विचारते, "याने चेहऱ्यावरचे मुरुम जातील ना?"

या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे चुकीचे दिले. ते अज्ञानातून दिले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

प्रथम वसतिगृहातील एक आठवण सांगतो, कारण योग्य उत्तर मला तेथेच मिळाले होते. आमच्या वेळी मुलांच्या न्हाणीघराबाहेर एकच आरसा होता, तोही एका कोपऱ्यात तडकलेला. आठवी-नववीत गेल्यावर त्या आरशासमोर रांग लागू लागली. कोणी रात्री पुळीवर टूथपेस्ट लावून झोपे, कोणी कडुनिंबाचा पाला वाटून फासे, कोणी नखाने पुळी फोडून दुसऱ्या दिवशी सुजलेले गाल घेऊन वर्गात येई. दर रविवारी आंघोळीनंतर खोबरेल तेलाची बाटली फिरत असे. घरून येताना आईने 'डोक्याला तेल लाव रे' असे बजावलेले असायचे, त्यामुळे आम्ही ते कपाळावर ओघळेपर्यंत चोपडत असू.

आमचे वसतिगृह अधीक्षक सर विज्ञान शिकवीत. काही मुलांचे मुरुम गालांवर कमी आणि कपाळावर, केसांच्या कडेला अधिक आहेत, हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी आम्हाला उपदेश केला नाही. त्यांनी मुलांचे दोन गट केले. एका गटाने नेहमीप्रमाणे तेल लावायचे. दुसऱ्याने तेल बेताने, केवळ मागच्या केसांना लावायचे आणि रात्री झोपण्यापूर्वी चेहरा साध्या पाण्याने धुवायचा. बाकी काही बदलायचे नाही. जूनअखेरीस सुरू झालेला हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालला. सर्वांचीच कपाळे स्वच्छ झाली असे नाही. पण दुसऱ्या गटातील बहुतेकांचा फरक आम्हाला त्या तडक्या आरशातही दिसला. त्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर सरांनी धम्मवंदनेतील 'एहिपस्सिको' या शब्दाचा अर्थ सांगितला. या आणि स्वतः पाहा. मग म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग थांबून पाहा. आपण दोन्ही करत नाही. दहा गोष्टी बदलतो आणि दोन दिवस थांबतो."

पुढे औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेताना कळले की, सरांनी न्हाणीघराबाहेर जे पाहिले ते वैद्यकाने नोंदवून ठेवले होते. केसांना लावलेल्या तेला-पोमेडमुळे कपाळावर उठणाऱ्या मुरुमांचे वर्णन अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्लिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली केले होते. 1972 साली क्लिग्मन आणि मिल्स यांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या मुरुमांनाही एक स्वतंत्र नाव दिले. म्हणजे चेहरा सुंदर करण्यासाठी लावलेली वस्तूच चेहऱ्यावर मुरुम उठवू शकते, ही गोष्ट आता अर्धशतकाहून जुनी आहे.

मुरुम म्हणजे मुळात काय, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या त्वचेवरील प्रत्येक सूक्ष्म केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती अधिक तेल स्रवू लागते. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते. आत कोंडलेल्या तेलात, एरवी त्वचेवर निमूट नांदणारे जिवाणू वाढतात आणि मग लाली, सूज, पू अशा पायऱ्या सुरू होतात. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, आज दिसणाऱ्या पुळीची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. म्हणून कोणताही प्रामाणिक उपाय आठवड्यात गुण दाखवीत नाही. सहा ते बारा आठवडे द्यावेच लागतात. अस्वच्छता हे मुरुमांचे कारण नाही. दिवसातून सहा वेळा साबणाने चेहरा घासणाऱ्यालाही ते येतात, किंबहुना घासण्याने चिघळतात.

हे सर्व मला ठाऊक होते. तरीही 2003 साली दुकान सुरू केल्यावर मी काय केले, ते आता सांगतो.

त्या काळी बाजारात एक मिश्रण फार खपत असे. त्यात तीन औषधे एकत्र असतात: डाग फिका करणारे हायड्रोक्विनोन, त्वचेचा वरचा थर सोलणारे ट्रेटिनोइन आणि दाह दाबणारे एक स्टिरॉइड. अशा मिश्रणाची मूळ कल्पनाही क्लिग्मन यांचीच, 1975 सालची. चेहऱ्यावरील वांगासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरावयाचे ते औषध आहे. आमच्या भागात मात्र ते 'गोरं होण्याची क्रीम' आणि 'मुरमांची ट्यूब' म्हणून मागितले जाई. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे तीन-चार दिवसांत लाली उतरते, सूज बसते आणि चेहरा उजळ दिसू लागतो. ग्राहक आनंदाने परत येतो, सोबत शेजारणीलाही आणतो. शंभर रुपयांच्या आतली वस्तू, आठवड्यात गुण. दुकानदाराला आणखी काय हवे? ज्यांनी चिठ्ठी आणली त्यांनाही मी ती दिली आणि ज्यांनी रिकामी ट्यूब दाखवली त्यांनाही दिली. मी दिली नाही तर चार दुकाने सोडून पाचव्या दुकानात मिळेलच, असे स्वतःला सांगत राहिलो.

2013 च्या उन्हाळ्यात माझी थोरली भाची दुकानात आली. ताईचे घर दिव्याला. भाची तेव्हा अकरावीत, ठाण्याला महाविद्यालयात जाणारी. गालांवर मुरुम होते, त्या वयात असतात तितकेच. चुलत बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले होते. ती म्हणाली, "मामा, काहीतरी दे ना. फोटोत सगळं दिसतं." गर्दीची वेळ होती. मी मागे वळलो, फळीवरून ती ट्यूब काढली आणि तिच्या हातात ठेवली. पैसेही घेतले नाहीत. मामाने दिलेली वस्तू ती, तिच्यावर शंका कोण घेणार?

लग्नात ती खरोखर छान दिसत होती. ताईने चारचौघांत माझे कौतुक केले. ट्यूब संपल्यावर भाचीने ती दिव्यातल्याच एका दुकानातून घेतली, मग पुन्हा घेतली. मला तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. थांबवली की दोन दिवसांत चेहरा तापत असे, लाल होत असे, पूर्वीपेक्षा दुप्पट पुळ्या येत. म्हणून पुन्हा लावायची. असे सुमारे चौदा महिने चालले. पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी ती दुकानात आली तेव्हा तिने ओढणी डोळ्यांपर्यंत बांधली होती. मी म्हटले, "अगं, आत ये, पाऊस थांबलाय." तिने ओढणी सोडली. गाल लालभडक झाले होते, त्वचा इतकी पातळ की आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते. हनुवटीवर आणि कानशिलांजवळ एकसारख्या आकाराच्या पुळ्यांचे पीक होते आणि गालांवर बारीक काळी लव आली होती. लोकलमध्ये बायका टक लावून पाहतात म्हणून महिनाभर ती महाविद्यालयातच गेली नव्हती.

मी वाचूनच नव्हे, पाहूनही हे ओळखत होतो. माझ्याच दुकानाच्या पायरीवर असे चेहरे यापूर्वी आले होते. ती म्हणाली, "मामा, यात स्टिरॉइड असतं, असं मैत्रिणीने सांगितलं. तुला माहीत नव्हतं का?"

मी उत्तर दिले नाही. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचणे हाच माझा व्यवसाय होता. मला माहीत होते.

दुसऱ्या सोमवारी मी दुकान बंद ठेवले आणि तिला घेऊन कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी चेहरा पाहताच किती महिने लावले, एवढेच विचारले. मग समजावले की, मलम थांबवल्यावर चेहरा आधी आणखी बिघडेल आणि मग हळूहळू सावरेल. मधल्या काळात घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतली तर सारे मुसळ केरात. तसेच घडले. पहिले सहा आठवडे फार कठीण गेले. रात्री चेहऱ्याची आग होई म्हणून ती ओला रुमाल गालावर ठेवून बसे आणि ताई मला फोन करून काहीच न बोलता रडे. पूर्ववत व्हायला वर्ष गेले. पूर्ववत म्हणजे, मुळात जे थोडे मुरुम होते तेवढ्यांवर. त्यांच्यावर खरा उपचार तेव्हा कुठे सुरू झाला. बारावीचे तिचे एक वर्ष वाया गेले.

हा केवळ आमच्या घरातला प्रसंग असता तर मी तो स्मरणिकेत मांडला नसता. 2011 साली त्वचातज्ज्ञांनी देशातील 12 केंद्रांवर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. चेहऱ्याच्या त्वचाविकारांसाठी आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड मलम लावत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी नव्हे, इतरांनीच सुचवले होते. पुष्कळांनी ते गोरेपणासाठी लावले होते, जवळजवळ चौथाईने तर मुरुमांसाठीच. आणि त्यातून उद्भवलेला सर्वांत मोठा त्रास कोणता, तर मुरुम. भारतीय त्वचातज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' या अर्थाचे स्वतंत्र इंग्रजी नावच द्यावे, इतके ते चित्र सर्वत्र होते. अखेर मार्च 2018 मध्ये केंद्र शासनाने अशी 14 स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य ठरवले. कायदा झाला, तरी तो पाळणारा माणूस शेवटी गल्ल्यामागेच उभा असतो.

औषधांच्या दुकानाबाहेरचा धोका तर त्याहून मोठा आहे. 2023 साली अकोल्याची एक बातमी वृत्तपत्रांतून आली होती. तेथील एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. त्या एकच गोरेपणाची क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. आपल्याकडील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. ज्या डबीवर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी कितीही आपुलकीच्या माणसाने दिली तरी घरात येऊ देऊ नये.

मग प्रसाधने वाईटच का? तसेही नाही. ताजा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तसे करूनही चालणार नाही. मुरुमांवर गुणकारी औषधे आहेत आणि ती वर्षानुवर्षे पारखलेली आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू कमी करते. अडीच टक्क्यांचेही पुरेसे होते, अधिक तीव्रतेने गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे आधीच सांगितलेले बरे. अॅडापॅलीन रंध्रातील बूच बसू देत नाही. ते रात्री, वाटाण्याएवढेच, संपूर्ण चेहऱ्याला लावायचे असते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात, आणि तिथेच बहुतेक मुले ते सोडून देतात. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. सौम्य साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. ठाणे-कल्याणच्या दमट हवेत गाडीच्या गर्दीतून घामाघूम होऊन घरी आल्यावर नुसत्या पाण्याने चेहरा धुतला तरी चालतो. औषध लावत असाल तर दिवसा सनस्क्रीन हवे, पण तेलकट नको. रंध्रे बुजवीत नाही असे वेष्टनावर लिहिलेले पाहून घ्यावे, आणि तेवढ्यावर विसंबूनही राहू नये.

बिघाड होतो तो घाईने आणि गर्दीने. आजची मुले मोबाइलवर पाहून एकाच वेळी चार सीरम, एक स्क्रब आणि एक पील लावतात. चौथ्या दिवशी चेहरा सोलवटला की पाचवी बाटली घेतात. कशाने बिघडले, कशाने सुधारले, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जे घरचे ते निरुपद्रवी, हाही भ्रमच. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांनी भाजलेले गाल मी पाहिले आहेत. गाठी मोठ्या, दुखऱ्या असतील, खड्डे पडत असतील, मुलीची पाळी अनियमित असेल, तर दुकानात नव्हे, सरळ त्वचातज्ज्ञाकडे जावे. आणि कोणत्याही ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती मुरुमांसाठी नाही, एवढे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण ती लिहिल्याशिवाय कबुली पुरी होणार नाही. वर्षभराने, चेहरा बराचसा निवळल्यावर, मी भाचीला विचारले की त्रास होऊ लागल्यावरही तू ती ट्यूब का सोडली नाहीस? ती म्हणाली, "मुरुम परत आले असते तर चाललं असतं मामा. पण सगळे म्हणायला लागले होते, उजळलीस. ते परत गेलं असतं."

ते 'उजळलीस' म्हणणाऱ्यांत मीही होतो. गोरेपणाची क्रीम भारतात 1975 साली मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. तिच्या नावातील गोरेपणाचा शब्द 2020 साली काढला गेला. आमच्या घरांतून तो शब्द कोण काढणार? रंगावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाचे चटके ज्यांच्या आजा-पणज्यांनी सोसले, त्यांच्याच घरात स्थळ पाहताना 'मुलगी सावळी आहे, पण हुशार आहे' असे म्हटले जाते. त्या 'पण'मध्ये माझ्या दुकानाचा निम्मा गल्ला होता. मुरुम हा आजार आहे, त्याला औषध आहे. सावळेपणा हा आजार नाही, म्हणून त्याला औषध असूच शकत नाही. जे औषध म्हणून विकले जाते, ते काही तरी हिरावूनच घेते.

आता माझ्या दुकानात ती मलमे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सुरुवातीला ग्राहक तुटले, काही चिडून बोलले. मी वाद घालत नाही. मुलांना एवढेच विचारतो की आतापर्यंत काय काय लावलेस? बहुतेकांची यादी लांब असते. त्यातील बरेचसे थांबव म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो, कारण ती काही तरी घ्यायला आलेली असतात. भाची आता डोंबिवलीच्या एका शाळेत शिक्षिका आहे. गालावर दोन-तीन खुणा राहिल्या आहेत. तिने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक जड जाते. तिच्या वर्गातील मुलींना ती माझ्याकडे पाठवते. हा लेख लिहिताना मी तिची परवानगी घेतली आहे.

मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आलो होतो. न्हाणीघराबाहेर आता भिंतभर आरसे लावले आहेत. एक मुलगा, नववीतला असावा, आरशाला नाक लावून गालावरची पुळी दाबत होता. मला पाहून त्याने हात खाली घेतला. मी त्याला आमच्या सरांची गोष्ट सांगितली, तेलाची बाटली आणि दोन गट. त्याने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "काका, पण किती दिवस लागतात?"

"दोन-तीन महिने," मी म्हणालो.

त्याचे तोंड एवढेसे झाले. शेजारच्या नळावर त्याने चेहरा धुतला, हात न लावता तसाच वाळू दिला आणि जेवणाच्या घंटेला धावत गेला.